पकड ढिली नव्हती

मंगळवार, ४ फेब्रुवारी

निष्काळजीपणा म्हणे!

तीन ओळींचं पत्र, शिक्के मात्र दोन. “कर्मचाऱ्याची पकड ढिली असल्यामुळे स्ट्रेचर सुटून रुग्णास गंभीर दुखापत झाली.” चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही, रुग्णालयाच्या आवारात विनाकारण फिरायचं नाही. सव्वीस वर्षं ज्या आवारात फिरले तिथे जायला आता कारण लागणार.

पकड ढिली. या म्हणावं, माझे तळहात बघायला. आठ दिवस झाले तरी डाव्या हाताची साल भरलेली नाही. ढिल्या पकडीने कुणाची साल जाते?

जे झालं ते एकदा नीट लिहून ठेवते. जो तो आपल्या मनाचं सांगत सुटलाय.

सोमवार, २७ जानेवारी, सकाळचे साडेदहा. छातीच्या वॉर्डातल्या आजोबांना एक्स-रेला न्यायचं होतं. छाती कफाने भरलेली, नाकाला ऑक्सिजन. एक्स-रेची खोली खालच्या अंगाला, नव्या रॅम्पवरून उतरून. स्ट्रेचरला दोन माणसं लागतात, तसं भिंतीवरच लिहिलंय. पण माझ्या जोडीचे वॉर्डबॉय मामा निवृत्त झाले त्याला दोन वर्षं झाली, जागा रिकामी ती रिकामीच. सिस्टर म्हणाल्या, “मावशी, घेऊन जा तुम्ही, तिकडे डॉक्टर खोळंबलेत.” नेलं. रोजच नेते. पेशंटचे पाय पुढे, डोकं माझ्याकडे, आणि मी मागून दांडा धरून स्ट्रेचर आवरत उतरते. तशीच पद्धत आहे. फरशी नुकती पुसलेली. निम्म्यात आल्यावर स्ट्रेचरने ओढ घेतली. मी धरून होते. ते मला घेऊन गेलं. गुडघ्यांवर आपटले, तशीच फरफटले, तेव्हा कुठे दांडा हातातून गेला. खाली समोर भिंत. आजोबा खाली पडले, खुबा मोडला.

सोडणं वेगळं, सुटणं वेगळं. हे त्या तीन ओळी लिहिणाऱ्याला कळत नसेल तर त्याला मोठ्या खुर्चीत बसवलं कुणी?


बुधवार, ५ फेब्रुवारी

प्रशासकांना भेटायला गेले. तासभर बाकावर बसवलं. मग आत बोलावून उभ्याउभ्याच ऐकून घेतलं. मी म्हटलं, “साहेब, तो नवा रॅम्प फार उभा आहे. जुना लांब होता, मध्ये वळण होतं. तुम्ही तो पाडून तिथे काचेचा दर्शनी भाग केलात.”

ते हसले. म्हणाले, “मावशी, नाचता येईना अंगण वाकडं.”

शेजारी बसलेला इंजिनिअरही हसला. रॅम्प बांधून घेणारा तोच. आणि चौकशी समितीत कोण कोण? प्रशासक, मेट्रन आणि हाच. उंदराला मांजर साक्ष, आणखी काय.


गुरुवार, ६ फेब्रुवारी

माफीनामा तयार करून घरी पाठवलाय. खाली माझ्या सहीपुरती जागा सोडून. सही केली तर एक महिन्याची पगारकपात आणि पुन्हा कामावर. नाही केली तर चौकशी, आणि चौकशीत दोषी ठरले तर घरी.

हे म्हणाले, “दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. करून टाक सही आणि मोकळी हो. कागदच आहे.” ह्यांनी तीस वर्षं बस चालवली. कधी आरशाला ओरखडा आला तर चार दिवस जेवण गोड लागत नसे — आणि माझ्या वेळेला कागदच आहे!

सुनेने पत्र मागून घेतलं. ती अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. तिचा स्वभावच तो, बोलायचं कमी आणि लाल पेन जवळ ठेवायचं. पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, “पकड ढिली होती हे कुणी मोजलं?”

मी म्हटलं, “कोण मोजणार? ठरवलं त्यांनी.”

“मग आपण मोजू,” म्हणाली, आणि ही वही दिली. मुलांची प्रॅक्टिकलची वही आहे, एका पानाला रेघा, समोरचं पान कोरं. कोऱ्यावर आकृती काढायची. इतके दिवस सुट्या कागदांवर लिहीत होते, तेही आता हिच्यात चिकटवले.


शनिवार, ८ फेब्रुवारी

सुनेने मला शून्य दिलं.

दुपारभर बसून चित्र काढलं होतं. स्ट्रेचर, चारही चाकं, ऑक्सिजनचा सिलिंडर, रॅम्पचा कठडा, मी, खालची भिंत, भिंतीवरचं ‘शांतता राखा’. चांगलं आलं होतं. तिने बघितलं आणि म्हणाली, “आई, हे चित्र आहे. आकृती नाही.”

मग तिने एक चौकोन काढला. नुसता चौकोन. म्हणे हे स्ट्रेचर आणि त्यावरचे आजोबा. बाकी सगळं पुसायचं. रॅम्प नाही, भिंत नाही, मी नाही. त्याला फ्री बॉडी डायग्राम म्हणतात. मी विचारलं, फ्री म्हणजे फुकट का. “फ्री म्हणजे मोकळी. वस्तू सगळ्यांतून मोकळी करायची, आणि मग तिला कोण कोण ढकलतंय, कोण ओढतंय, तेवढेच बाण काढायचे.”

मी एक बाण उताराच्या दिशेने काढला. त्यावर लिहिलं, धावण्याचा जोर.

“हा बाण कुणाचा?”

“कुणाचा म्हणजे? स्ट्रेचर धावत होतं ना!”

“धावत होतं, मान्य. पण हा जोर लावणारं कोण? त्याचं नाव सांगा. नाव सांगता येत नसेल तर तो बाण नाही.” आणि लाल पेनाने खोडला.

सत्तावन्नाव्या वर्षी सुनेकडून लाल फुली खायची. माझा जीव जाताजाता वाचला त्या जोरापासून, आणि ही म्हणते तो नव्हताच.


रविवार, ९ फेब्रुवारी

मुलगा सुट्टीला घरी आला होता. त्याला सांगितलं, तुझी बायको मला शाळेत घालतेय. म्हणाला, “आई, मीही त्यातून गेलोय. शरण जा.”


मंगळवार, ११ फेब्रुवारी

तीन बाण म्हणे. एक पृथ्वीचा, सरळ खाली. उताराच्या दिशेने नाही, सरळ खाली, हे तिने चार वेळा घटवून घेतलं. एक माझ्या हातांचा, उतारावरून वर. आणि एक रॅम्पचा.

मी अडले. रॅम्प कसा ढकलेल? सिमेंट ते, पडून राहतं. ढकलणं हे जिवंत माणसाचं काम. सून म्हणाली, “हात टेबलावर उताणा ठेवा.” ठेवला. तळहातावर एक जाड पुस्तक ठेवलं. “आता हात टेबलाच्या बाहेर काढा, पुस्तक पडू द्यायचं नाही.” काढला. मग दुसरं पुस्तक, तिसरं, चौथं. हात थरथरायला लागला. तिने विचारलं, “आता पुस्तकांना कोण वर ढकलतंय?” मी म्हटलं, मी. “आणि पुन्हा टेबलावर ठेवलीत तर?”

सगळा वेळ ते टेबल काम करत होतं. तोंडातून ब्र न काढता.

खरं सांगायचं तर मला त्या टेबलाबद्दल आपुलकी वाटली. सव्वीस वर्षं मीही तेच केलं. पडू दिलं नाही तोवर कुणाच्या लक्षात आलं नाही की खाली कुणीतरी आहे.

तरी रॅम्पबद्दल मला काही आपुलकी नाही. त्याचा बाण मी काढला, पण मनाविरुद्ध.


गुरुवार, १३ फेब्रुवारी

मोजून आले!

सून म्हणाली होती, उंची आणि लांबी मिळाल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मी म्हटलं आवारात फिरायची बंदी आहे. “विनाकारण फिरायची,” ती म्हणाली. “तुमच्याकडे कारण आहे.”

चार ते सहा भेटायची वेळ. हातात पाण्याची बाटली आणि पिशवी घेऊन नातेवाइकांच्या गर्दीत शिरले. पिशवीत शिवणाच्या डब्यातली टेप. ती दीड मीटरची, रॅम्प केवढा! वाकून वाकून खुणा करत होते तेवढ्यात वॉचमन आला. वाटलं, संपलं. त्याने माझी टेप बघितली. मग केबिनमधून मोठी टेप घेऊन आला आणि टोक धरून वरच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. म्हणाला, “मावशी, गेल्या महिन्यात इथून एक व्हीलचेअर सुटली होती. रिकामी होती म्हणून कुणी लिहिलं नाही.”

उताराची लांबी नऊ मीटर. उंची थेट मोजता येईना, पण बाजूच्या जिन्याला दहा पायऱ्या, आणि एकेक पायरी पंधरा सेंटिमीटर. म्हणजे दीड मीटर. हे मला कुणी सांगितलं नाही, माझं मला सुचलं.

सुनेने आकडे बघितले आणि भुवया वर गेल्या. नियमाप्रमाणे दर मीटर उंचीला बारा मीटर लांबी लागते. इथे सहाच. निम्मी! दर्शनी भागासाठी नऊ मीटर खाल्ले आणि वर मला म्हणतात नाचता येत नाही.


शनिवार, १५ फेब्रुवारी

आज माझी पाटी कोरी झाली.

पृथ्वीचा बाण सरळ खाली, पण उतारावर त्याचे दोन वाटे होतात. एक वाटा रॅम्पमध्ये रुततो, तो रॅम्प सांभाळतो. दुसरा उतारावरून खाली ओढतो, तो माझ्या वाट्याला. सहा मीटर चालल्यावर एक मीटर खाली जात असाल तर ओढ वजनाच्या सहाव्या हिश्शाची. स्ट्रेचर आणि सिलिंडर मिळून सत्तर किलो, आजोबा ऐंशी किलो — त्यांचं वजन केसपेपरवर मीच लिहिलेलं, त्यामुळे पाठ आहे. दीडशे भागिले सहा. पंचवीस किलोची ओढ.

मी खूष झाले. म्हटलं, बघ, पंचवीस किलो.

सुनेने आकड्याखाली रेघ मारली. मग म्हणाली, “आई, पंचवीस किलो माणूस धरू शकतो. समितीत तेच म्हणतील. तुम्ही पाण्याच्या भरल्या बादल्या दोन-दोन उचलता.”

“म्हणजे मी सोडलं?”

“मी तसं म्हटलं नाही. आकृती म्हणते की हातांवर पंचवीस किलो येतात. तेवढंच.”

“आकृती म्हणते. आणि माझ्या हाताची साल काय म्हणते ते नाही ऐकायचं.”

वही मिटली. तळपायाची आग मस्तकात गेली होती. परक्याने म्हटलं तर सोसेन. हिला मी घरात आल्या दिवसापासून कधी वाकडा शब्द बोलले नाही. म्हणजे, फार नाही.


रविवार, १६ फेब्रुवारी

तिच्याशी बोलले नाही. माफीनामा कपाटातून काढून टेबलावर ठेवला. हे बघून न बघितल्यासारखं करतात.


सोमवार, १७ फेब्रुवारी

पेन हातात घेतलं होतं. सहीचं पहिलं अक्षर पुसट उमटलंय कागदावर. शाई नीट उतरली नाही, म्हणून थांबले. दुसरं कारण नाही.


मंगळवार, १८ फेब्रुवारी

सकाळी धुणं भिजवलेला टब न्हाणीघरात पलीकडे सरकवायचा होता. फरशी ओली, साबणाची. दोन्ही हातांनी टबाची कड धरून ओढला. टब जागचा हलला नाही. मीच टबाकडे सरकत गेले.

पुन्हा ओढला. पुन्हा मीच गेले. हात घट्ट होते. बोटं पांढरी पडली होती इतके घट्ट.

तशीच, ओल्या हातांनी, येऊन वही उघडली. कोऱ्या पानावर चौकोन काढला. या वेळी स्ट्रेचरचा नाही. माझा. इतके दिवस मोकळं केलं ते त्या गाडीला. मला कुणी मोकळं करून बघितलंच नव्हतं — मीसुद्धा.

पृथ्वीचा बाण, माझं वजन अठ्ठेचाळीस, सरळ खाली. रॅम्पचा बाण. स्ट्रेचर मला खाली ओढतंय पंचवीस किलोने. उतारावर मी स्वतःही सहाव्या हिश्शाने खाली चाललेय, आठ किलो. आणि मला वर थोपवून धरणारं कोण? हात नाहीत. हात स्ट्रेचरला. मला धरणारी फक्त माझी चप्पल आणि खालची फरशी.

घर्षण. म्हणजे पंचवीस अधिक आठ, तेहतीस किलो त्या चपलेने धरायचे होते. ओल्या फरशीवर.

सून कॉलेजला निघाली होती, एक पाय चपलेत. मी दोन दिवसांचा अबोला विसरून वही तिच्यापुढे धरली. ती उभ्याउभ्या वाचत राहिली. बस चुकली. मग म्हणाली, “आई, हे मला दिसायला हवं होतं.”

लाल पेन काढलं नाही.


गुरुवार, २० फेब्रुवारी

मोजल्याशिवाय ती काही मानत नाही. कॉलेजातून स्प्रिंगचा काटा आणला. वॉचमनने रॅम्पची उरलेली एक फरशी दिली, ती स्वयंपाकघरात मांडली. माझी कामाची चप्पल तिच्यावर, चपलेत दहा किलोची वजनं, आणि काट्याने ओढायचं. ह्यांना काटा वाचायला बसवलं. चष्मा लावून, बसची तिकिटं तपासायला साहेब आल्यासारखे बसले.

कोरडी फरशी: सहा किलोला चप्पल सरकली. ओली: तीनला. दहा वेळा केलं, तेच.

म्हणजे माझी चप्पल माझ्या वजनाच्या जेमतेम सहा-दशांश धरते, ओल्यावर तीन-दशांश. उतारावर अठ्ठेचाळीस किलोच्या बाईला कोरड्यावर अठ्ठावीस किलो, ओल्यावर चौदा. लागणार होते तेहतीस. त्या रॅम्पवर कोरड्या फरशीवरसुद्धा मी ते आवरू शकले नसते. रोजचे पेशंट हलके, सिलिंडरशिवाय, म्हणून इतके दिवस कसंबसं निभावलं. माझ्या हातांत हत्तीचं बळ असतं तरी नाही!

आणि नियमाचा, बारा मीटरचा उतार असता तर? ओढ साडेबारा, माझी स्वतःची चार, मिळून साडेसोळा. चप्पल अठ्ठावीस धरते. हसत उतरले असते.

ह्यांनी काटा खाली ठेवला. टेबलावरचा माफीनामा उचलला, चार घड्या केल्या आणि डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली सारला. म्हणाले, “ब्रेक लागत नसले तर ड्रायव्हरला फाशी देत नाहीत. गाडी तपासतात.” एवढंच. पण ह्यांच्यापुरतं ते भाषण झालं.


सोमवार, २४ फेब्रुवारी

चौकशी झाली. सगळं लिहायला हात शिवशिवतोय, पण क्रमाने लिहिते.

लांब टेबल. एका बाजूला ते तिघे, दुसऱ्या बाजूला मी. सुनेला आत येऊ दिलं नाही, ती बाहेर बाकावर. प्रशासकांनी विचारलं, “माफीनामा आणलात?” मी म्हटलं, “नाही. आकृती आणलीय.”

इंजिनिअरने कागद ओढून घेतला, वरवर बघितला. “हे कुणाकडून काढून आणलंत?”

तिथे माझं डोकं फिरलं. पण आवाज चढवला नाही. त्यांचंच पत्र उलटं केलं, मागच्या कोऱ्या बाजूवर पहिल्यापासून काढायला लागले. हा चौकोन म्हणजे मी. हा बाण पृथ्वीचा, हा रॅम्पचा, हा स्ट्रेचरचा, हा चपलेचा. प्रत्येकाचा आकडा. रेघ वाकडी आली. चौकोन पुन्हा काढला.

इंजिनिअर म्हणाला, “चाकांचं घर्षण धरलेलं नाही यात.”

“धरलंय, साहेब. दोन किलो. पंचवीसचे तेवीस झाले. तेवीस आणि आठ, एकतीस. चप्पल कोरड्यावर अठ्ठावीस धरते. तीन किलो कमीच पडतात. आणि फरशी ओली होती.”

“ब्रेक होते की.”

“ब्रेक पायाने लावायचे आहेत. एक पाय ब्रेकला लावला तर उभी कशावर राहू?”

प्रशासक म्हणाले, “पण मावशी, निष्काळजीपणा हाही एक मुद्दा असतोच.”

मी पेन त्यांच्यापुढे केलं. म्हटलं, “साहेब, मग तोही बाण काढा. कुठून कुठे जातो आणि किती किलोचा, तेवढं लिहा. मी सही करते.”

त्यांनी पेन घेतलं नाही.

मेट्रन पुढे झुकल्या. माझ्याच वयाच्या, पांढऱ्या केसांच्या, कडक. सगळा दवाखाना त्यांना टरकतो, मीही. त्यांनी कागद आपल्याकडे ओढला, बोट ठेवून एकेक बाण वाचला आणि इंजिनिअरला विचारलं, “रॅम्पची लांबी खरंच नऊ मीटर आहे?”

“जागा कमी होती, मॅडम. दर्शनी भागाचं काम...”

“मी लांबी विचारली.”

“हो. नऊ.”

“आणि नियम?”

त्याने फाइल मिटली. मी प्रशासकांना म्हटलं, “साहेब, तुम्ही म्हणाला होतात नाचता येईना अंगण वाकडं. अंगण वाकडं आहे. मोजलंय आम्ही.”

बाहेर सुनेने विचारलं, “चुकलात कुठे?” मी म्हटलं, एक चौकोन दोनदा काढावा लागला. म्हणाली, “चालतं.” आणि वाटेत दोघींनी उभ्याने चहा घेतला. तिने माझा कप धरला, तोवर मी वही पिशवीत नीट ठेवली.


गुरुवार, २७ फेब्रुवारी

पत्र आलं. “सदर घटना तांत्रिक कारणामुळे घडल्याचे निष्पन्न झाल्याने” मला सोमवारपासून हजर व्हायला सांगितलंय. रॅम्प बंद, पुन्हा बांधणार. जोडीला माणूस मिळणार.

हे पेढे आणायला निघाले होते, मी थांबवलं. तांत्रिक कारण! तांत्रिक कारणाला आईबाप नसतात का? नऊ मीटरवर सही कुणाची? फरशी कुणी निवडली? दोन वर्षं जागा कुणी भरली नाही? माझी चूक होती तेव्हा मी ‘कर्मचारी’ होते, पद होतं, हात होते, पकड होती. त्यांची निघाली तर कुणीच नाही, नुसतं कारण. आणि माफी? तिची एक ओळ नाही.

सून म्हणाली, “आई, जिंकलात.” म्हटलं, हो, पण राग शिल्लक आहे. म्हणाली, असू द्या, तो खरा आहे.


शनिवार, १ मार्च

कामाची साडी इस्त्री केली. नवी चप्पल घेतली, खरबरीत तळव्याची. दुकानदाराला म्हटलं, ओली करून दाखव.


सोमवार, ३ मार्च

पहिलं काम नेमकं व्यायामाच्या खोलीत मिळालं. खिडकीशी व्हीलचेअरवर आजोबा. मी त्यानंतर त्यांना पाहिलंच नव्हतं. आवारात तीनदा आले — एकदा जाब विचारायला, एकदा टेप घेऊन, एकदा आकृती घेऊन. वर गेले नाही. त्यांच्या मुलाच्या तक्रारीवरून हे सगळं सुरू झालं, त्याचा राग होता. पळून जावंसं वाटलं.

त्यांनीच हाक मारली. “मावशी, गुडघे कसे आहेत?”

खुब्याचं मला माहीत होतं. उजव्या हाताच्या मनगटाला प्लास्टर होतं, ते माहीत नव्हतं. विचारलं, हे कधी झालं.

“तेव्हाच. कठडा धरला होता मी. तुम्ही घसरायला लागलात ते मान मागे टाकून दिसत होतं मला. तुम्ही काही दांडा सोडत नव्हता. म्हटलं, बाई एकटी आहे, आपलाही एक हात लावावा. जमलं नाही. मनगटच पिरगळलं.”

मी म्हटलं, “हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?”

“मला कुणी विचारलंच नाही,” आजोबा म्हणाले. “समितीने नाही. मुलाने नाही. तुम्हीही नाही.”

शेजारच्या स्टुलावर बसले. बराच वेळ त्यांचा तो हात माझ्या दोन्ही हातांत होता.

महिनाभर मी त्यांना ऐंशी किलो लिहीत आले.